स्टेरॉइड: एकाचा दंड फुगतो, दुसऱ्याची कातडी पातळ होते, हे कसं?

१९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये बेन जॉन्सन शंभर मीटर धावला, विश्वविक्रम झाला आणि तीन दिवसांत पदक काढून घेतलं गेलं. त्याच्या लघवीत स्टॅनोझोलॉल सापडलं होतं. तेव्हापासून अनेकांच्या डोक्यात ‘स्टेरॉइड’ म्हणजे दंड फुगवणारं औषध. अधूनमधून कुणीतरी खेळाडू चाचणीत सापडतो, बातमी होते आणि ही समजूत आणखी घट्ट होते.

मग एखाद्या दिवशी डॉक्टर मुलाला दम्यासाठी इनहेलर लिहून देतात. त्यात स्टेरॉइड आहे म्हटल्यावर आईवडिलांना वेगळीच धास्ती वाटते: पोराची उंची खुंटणार तर नाही ना? तिसऱ्या घरात स्तनाच्या गाठीचा रिपोर्ट येतो, त्यावर ‘ईआर पॉझिटिव्ह’ लिहिलेलं असतं (ईआर म्हणजे इस्ट्रोजेन या हॉर्मोनचा रिसेप्टर, त्याला पकडणारं प्रथिन). डॉक्टर सांगतात, ही गाठ हॉर्मोनवर पोसली जातेय, काही वर्षं गोळ्या घ्याव्या लागतील. ते हॉर्मोनसुद्धा स्टेरॉइडच.

एकीकडे स्नायू वाढतात, दुसरीकडे वाढ थांबते, तिसरीकडे गाठ फोफावते. आपला गोंधळ उडतो, कारण स्टेरॉइड पेशीला ‘वाढ’ किंवा ‘थांब’ असा थेट हुकूम देत असणार असं आपण धरून चालतो. तसा हुकूम ते देत नाही. पेशीतली कुठली जनुकं चालू व्हावीत आणि कुठली बंद, एवढंच ते ठरवतं. प्रत्यक्ष वाढ करवून घेण्याचं काम पुष्कळदा दुसऱ्याच रेणूंकडे असतं. त्यांना ग्रोथ फॅक्टर म्हणतात. या दोघांचं आपसात कसं चालतं हे कळलं की वरची तिन्ही घरं एका रांगेत बसतात.

## आधी घराण्याची ओळख

हॉर्मोन म्हणजे शरीराच्या एका भागात तयार होऊन रक्तावाटे दुसऱ्या भागाला निरोप पोचवणारं द्रव्य. पाठ्यपुस्तकात त्याला संप्रेरक म्हणतात. इन्सुलिन हेही हॉर्मोन आहे, पण ते प्रथिन आहे. स्टेरॉइड हॉर्मोनं मात्र कोलेस्टेरॉलपासून बनतात. हो, तेच कोलेस्टेरॉल, ज्याच्या नावाने आपण एरवी बोटं मोडतो. ते नसतं तर शरीराला ही हॉर्मोनं बनवताच आली नसती.

इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन मुख्यतः अंडाशयात तयार होतात, टेस्टोस्टेरॉन मुख्यतः वृषणात, आणि कॉर्टिसॉल व अल्डोस्टेरॉन मूत्रपिंडांवर बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथींत. या सगळ्यांचा सांगाडा एकच: कार्बनची एकमेकांना चिकटलेली चार कडी, त्यातली तीन सहा अणूंची आणि एक पाच अणूंचं. फरक बाजूला कुठले अणू लटकलेत एवढाच. टेस्टोस्टेरॉनपासून इस्ट्रोजेन बनवायला शरीराला अरोमाटेज नावाचं एक एन्झाइम पुरतं, आणि ते पुरुषांच्या शरीरातही असतं. म्हणजे ‘बायकांचं हॉर्मोन’ आणि ‘पुरुषांचं हॉर्मोन’ ही वाटणी आपण समजतो तितकी काटेकोर नाही. पुढे उंचीच्या गोष्टीत याचा प्रत्यय येईल.

यांचं प्रमाण किती असतं? रक्तातलं इस्ट्रॅडिओल, म्हणजे इस्ट्रोजेनचा सर्वांत प्रभावी प्रकार, पिकोग्रॅममध्ये मोजतात. एक पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग. पाळीच्या सुरुवातीला ते मिलिलिटरमागे काही दहा पिकोग्रॅम असतं आणि अंडं सुटण्याआधी काही शेकड्यांवर जातं. एवढ्याशा द्रव्याने गर्भाशयाचं अख्खं अस्तर उभं राहतं. इतक्या थोडक्यात हे जमतं कसं, याचं उत्तर शोधायला विज्ञानाला बराच वेळ लागला.

## जेन्सन यांचं किरणोत्सारी हॉर्मोन

१९५० च्या दशकात बऱ्याच जाणकारांचं मत असं होतं की इस्ट्रोजेन पेशीत जाऊन कुठल्यातरी रासायनिक क्रियेत भाग घेत असावं, स्वतः बदलत असावं, आणि त्यातून वाढीला चालना मिळत असावी. शिकागो विद्यापीठातले एल्वुड जेन्सन यांनी प्रश्न उलटा विचारला. हॉर्मोन पेशीचं काय करतं हे नंतर पाहू. आधी पेशी हॉर्मोनचं काय करते ते बघू.

त्यासाठी त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इस्ट्रॅडिओलच्या रेणूत किरणोत्सारी हायड्रोजन, म्हणजे ट्रिटियम, बसवला. आता ते शरीरात कुठे जातं त्याचा माग काढता येत होता. अल्पवयीन मादी उंदरांना अगदी थोडी मात्रा टोचली. रक्त, यकृत, स्नायू सगळीकडे ते पोचलं आणि लवकरच ओसरून गेलं. गर्भाशयाने आणि योनीने मात्र ते धरून ठेवलं. आणि तिथून परत काढून तपासलं तर ते जसंच्या तसं होतं, कणभरही बदललं नव्हतं.

याचा अर्थ त्या पेशींत हॉर्मोनला पकडून ठेवणारं काहीतरी असलं पाहिजे. ते ‘काहीतरी’ म्हणजे रिसेप्टर, हॉर्मोन नेमकं ज्याच्यात जाऊन बसतं ते प्रथिन. या कामासाठी जेन्सन यांना २००४ मध्ये लास्कर पुरस्कार मिळाला, पिएर शाँबाँ आणि रोनाल्ड एव्हान्स यांच्याबरोबर. नोबेल काही मिळालं नाही. माझ्या मते ते मिळायला हवं होतं, पण तो वेगळा विषय झाला.

## केंद्रकात काय घडतं

पेशीचं आवरण चरबीचं. स्टेरॉइडही चरबीत विरघळणारं. त्यामुळे ते आवरणातून सरळ आत जातं. आत रिसेप्टर वाट पाहत असतो. हॉर्मोन त्याच्या खोबणीत बसलं की रिसेप्टरचा आकार बदलतो, आणि असे दोन रिसेप्टर जोडीने डीएनएवर जाऊन बसतात.

कुठेही नाही हं. इस्ट्रोजेनच्या रिसेप्टरला डीएनएवर अक्षरांचा एक ठरावीक क्रम लागतो: ए-जी-जी-टी-सी-ए, मधे कुठलीही तीन अक्षरं, मग टी-जी-ए-सी-सी-टी. दुसरा तुकडा डीएनएच्या समोरच्या धाग्यावर उलट्या दिशेने वाचला तर पहिल्यासारखाच निघतो, कारण पकडणारे रिसेप्टरही दोन असतात. प्रत्यक्षात अक्षरं थोडीफार इकडेतिकडे असली तरी चालून जातं, पण ढाचा हाच. तिथे बसल्यावर ही जोडी इतर मदतनीस प्रथिनांना जवळ ओढते आणि शेजारचं जनुक वाचलं जाऊ लागतं. जनुक वाचलं गेलं की त्याचं प्रथिन बनतं.

या सगळ्याला अर्ध्या तासापासून काही तासांपर्यंत वेळ लागतो. (काही रिसेप्टर आवरणापाशीच राहून मिनिटभरातही परिणाम घडवतात. ती वाट खरी आहे, पण आपल्या विषयाचा कणा म्हणजे डीएनएची वाटच.)

इथे एक प्रश्न हमखास येतो. रक्त तर सगळीकडे जातं, मग प्रत्येक पेशीवर तोच परिणाम का होत नाही? एक तर प्रत्येक पेशीत रिसेप्टर नसतो. दुसरं म्हणजे, रिसेप्टर असला तरी डीएनएचा कुठला भाग उघडा आणि कुठला गुंडाळून ठेवलेला, हे पेशीपेशीनुसार वेगळं असतं. मदतनीस प्रथिनंही वेगळी असतात. यकृतातली पेशी आणि गर्भाशयातली पेशी तेच इस्ट्रोजेन घेऊन वेगवेगळी जनुकं वाचतात.

## ग्रोथ फॅक्टर म्हणजे कोण?

ग्रोथ फॅक्टर ही प्रथिनं. ती पेशीच्या आत शिरत नाहीत. आवरणावर बाहेर डोकावणारे त्यांचे स्वतंत्र रिसेप्टर असतात. ग्रोथ फॅक्टर बाहेरून चिकटला की रिसेप्टरचं आतलं टोक जागं होतं आणि एका प्रथिनावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर फॉस्फेटचे गट चढवले जातात. ही साखळी काही मिनिटांत केंद्रकापर्यंत पोचते. निरोप साधारण असा असतो: विभाजनाच्या तयारीला लाग, किंवा निदान मरू नकोस.

त्यांच्या शोधाची कथा मजेदार आहे. स्टॅन्ली कोहेन आणि रिटा लेव्ही-मोंताल्चिनी हे मज्जातंतूंच्या वाढीचा घटक शोधत होते. त्यासाठी नर उंदराच्या लाळग्रंथीचा अर्क वापरला जायचा. कोहेन यांच्या लक्षात आलं की हा अर्क टोचलेल्या नवजात पिल्लांचे डोळे भलतेच लवकर उघडतात. एरवी जवळजवळ दोन आठवडे लागायचे, ते आठवड्याभरात उघडले. दातही लवकर आले. मज्जातंतूंच्या घटकाचा हा परिणाम नव्हता. अर्कात आणखी काहीतरी होतं. ते निघालं ५३ अमिनो आम्लांचं एक छोटं प्रथिन. त्याचं नाव एपिडर्मल ग्रोथ फॅक्टर, थोडक्यात ईजीएफ. १९८६ मध्ये दोघांना नोबेल मिळालं.

आता यातला आपल्या कामाचा धागा. लाळग्रंथी नर उंदराचीच का? कारण नराच्या त्या ग्रंथीत ईजीएफचा साठा मादीपेक्षा कितीतरी पट असतो. वृषणं काढून टाकली की साठा घटतो, टेस्टोस्टेरॉन दिलं की पुन्हा भरतो. एका प्रसिद्ध ग्रोथ फॅक्टरच्या कोठाराची किल्ली एका स्टेरॉइडच्या हातात होती.

## मालक, मुकादम आणि मजूर

स्टेरॉइड हॉर्मोन हे शेताच्या मालकासारखं समजा. तो सहसा स्वतः कुदळ मारत नाही. मुकादमाला निरोप देतो, मुकादम मजूर लावतो. ग्रोथ फॅक्टर सोडणारी पेशी म्हणजे मुकादम, ग्रोथ फॅक्टर म्हणजे त्याची हाक, आणि विभाजन पावणारी पेशी म्हणजे मजूर.

याचा सर्वांत सुरेख पुरावा गर्भाशयातून आला. गर्भाशयाच्या आतल्या बाजूला पेशींचं अस्तर असतं आणि त्याखाली आधार देणारा ऊतीचा थर. इस्ट्रोजेन दिलं की अस्तराच्या पेशी भराभर वाढतात. साहजिकच वाटायचं की इस्ट्रोजेन त्या पेशींवरच काम करत असणार. १९९७ मध्ये संशोधकांनी उंदरांच्या दोन जाती घेतल्या, एक नेहमीची आणि एक इस्ट्रोजेनचा रिसेप्टर नसलेली. दोघींचे थर सुटे करून अदलाबदल करून जोडले. अस्तरात रिसेप्टर नाही पण खालच्या थरात आहे, अशा जोडणीत इस्ट्रोजेन दिल्यावर अस्तर वाढलं. अस्तरात रिसेप्टर आहे पण खालच्या थरात नाही, अशा जोडणीत ते वाढलं नाही. म्हणजे निरोप खालच्या थराला मिळत होता आणि हाक तो घालत होता. प्रोस्टेट ग्रंथीच्या जडणघडणीतही टेस्टोस्टेरॉनच्या बाबतीत हेच आधी दिसलं होतं.

निरोगी स्तनात तर याची गंमत सूक्ष्मदर्शकाखाली दिसते. एकाच नळीच्या भिंतीत काही पेशींत इस्ट्रोजेनचा रिसेप्टर असतो, काहींत नसतो. ज्या पेशी प्रत्यक्ष विभाजन पावत असतात, त्यांना वेगळा रंग देऊन पाहिलं तर त्या बहुतेक रिसेप्टर नसलेल्या निघतात. रिसेप्टर असलेली पेशी इस्ट्रोजेन घेते आणि ॲम्फिरेग्युलिन नावाचा, ईजीएफच्याच कुळातला ग्रोथ फॅक्टर बाहेर सोडते. तो आजूबाजूच्या आधार-ऊतीला जागं करतो, आणि तिथून सुटलेले दुसरे ग्रोथ फॅक्टर नळीतल्या पेशींना विभाजनाला लावतात. प्रोजेस्टेरॉनचंही तसंच: ते रँक-लिगंड नावाचं प्रथिन सोडायला लावतं आणि शेजारच्या पेशी वाढतात.

इतका वळसा कशाला, असं वाटेल. मला तरी यात शहाणपण दिसतं. निरोप घेणारा आणि राबणारा वेगळे असले की हाक ऐकू येईल तेवढ्याच अंतरावर वाढ होते. हॉर्मोन सगळ्या अंगभर फिरलं तरी वाढ जागच्या जागी राहते.

पण कर्करोगात हे बिघडतं. ईआर पॉझिटिव्ह गाठीत रिसेप्टर असलेली पेशी स्वतःच विभाजन पावते. मुकादमच कुदळ घेऊन उतरतो आणि थांबायचं नाव घेत नाही.

## ‘वाढ’ म्हणजे संख्या की आकार?

दोन्ही. पण दोन्ही एक नव्हेत. गर्भाशयाच्या अस्तरात पेशींची संख्या वाढते. तिथे इस्ट्रोजेन मिक आणि सायक्लिन डी-१ यांसारखी प्रथिनं वाढवतं. ती पेशीला विभाजनाच्या उंबऱ्यावरून आत ढकलतात. स्नायूचा तंतू मात्र प्रौढपणी विभाजनच पावत नाही. टेस्टोस्टेरॉनमुळे तो जाड होतो: त्यात प्रथिनं जास्त साठतात आणि शेजारी झोपून राहिलेल्या उपग्रह पेशी जाग्या होऊन त्याला नवीन केंद्रकं पुरवतात. इथेही आयजीएफ-१ हा ग्रोथ फॅक्टर मदतीला असतो.

## मग उंची थांबवतं कोण?

वयात येताना मुलांना सहा महिन्यांत कपडे आखूड पडतात. लैंगिक हॉर्मोनं वाढली की मेंदूखालच्या पिट्यूटरी ग्रंथीतून ग्रोथ हॉर्मोन जास्त सुटतं, त्यामुळे यकृतात आणि हाडांतही आयजीएफ-१ जास्त बनतो आणि हाडांच्या टोकांजवळच्या कूर्चेच्या पट्ट्यांतल्या पेशी वेगाने वाढतात. मग काही वर्षांनी त्याच पट्ट्या हाडात बदलून बंद होतात आणि उंची कायमची थांबते.

बंद कोण करतं? मुलांत टेस्टोस्टेरॉन करत असेल, असं बरीच वर्षं मानलं गेलं. १९९४ मध्ये अमेरिकेतल्या एका २८ वर्षांच्या पुरुषाची नोंद प्रसिद्ध झाली आणि ती समजूत कोसळली. त्याची उंची २०४ सेंटीमीटर होती आणि तो अजून वाढतच होता. टेस्टोस्टेरॉन व्यवस्थित, दाढीमिशा व्यवस्थित. पण हाडांचं वय पंधराच्या आसपास, पट्ट्या उघड्याच, आणि हाडं ठिसूळ. जनुक तपासल्यावर दिसलं की त्याचा इस्ट्रोजेनचा रिसेप्टरच निकामी होता. रक्तात इस्ट्रोजेन भरपूर, पण ते ऐकणारा कुणी नाही.

म्हणजे मुलग्यांच्याही उंचीला पूर्णविराम देतं ते इस्ट्रोजेन, टेस्टोस्टेरॉनपासून अरोमाटेजने बनवलेलं. वाढीचा तो वेग वाढवण्यातही त्याचाच मोठा हात. सुरुवातीला वाढ, शेवटी अटकाव, आणि हॉर्मोन तेच. म्हणून फार लवकर वयात आलेली मुलं वर्गात आधी उंच दिसतात आणि उपचार न झाल्यास मोठेपणी ठेंगणी राहतात. आणि म्हणूनच किशोरवयात शरीर कमावण्यासाठी स्टेरॉइड टोचून घेणं हा उंचीच्या दृष्टीनेही तोट्याचा सौदा: जादा टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्रोजेन होतं आणि पट्ट्या वेळेआधी मिटतात.

## डॉक्टर देतात ते स्टेरॉइड वेगळं का?

कारण ते कॉर्टिसॉलच्या शाखेतलं आहे. प्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन, बुडेसोनाइड ही सगळी कॉर्टिसॉलची कृत्रिम भावंडं. कॉर्टिसॉल हे अडचणीच्या काळाचं हॉर्मोन. अशा वेळी शरीराला नवीन बांधकाम परवडत नाही, असलेलं मोडून साखर मिळवायची असते. म्हणून ते स्नायूंतली प्रथिनं सोडवतं, कातडीतलं कोलॅजेन बनणं कमी करतं, हाडातलं आयजीएफ-१ चं काम मंदावतं आणि दाह पसरवणाऱ्या प्रथिनांची जनुकं दाबून टाकतं. यातला शेवटचा गुण आपल्याला औषधात हवा असतो, बाकीचे त्याच्यासोबत येतात. मोठ्या मात्रेच्या गोळ्या महिनोन्‌महिने घेतल्या तर कातडी पातळ होते, जखमा भरायला वेळ लागतो, मांड्यांचे स्नायू रोडावतात, मुलांची उंची मंदावते, ते यामुळे. काही पांढऱ्या रक्तपेशींना तर हे हॉर्मोन मरणाचाच निरोप देतं, आणि लहान मुलांच्या ल्युकेमियावरच्या उपचारात त्याचा उपयोग करून घेतात.

इनहेलरचं काय? त्यातली मात्रा मायक्रोग्रॅममध्ये असते आणि बहुतांशी फुप्फुसापुरती राहते. बुडेसोनाइड इनहेलर अनेक वर्षं घेतलेल्या मुलांचा मोठेपणापर्यंत पाठपुरावा केला गेला, तेव्हा सरासरी उंचीत सुमारे एक सेंटीमीटरचा फरक आढळला. फरक आहे, तो नाकारण्यात अर्थ नाही. पण आटोक्यात न आलेला दमा स्वतःच मुलाची वाढ मारतो आणि कधी जीवही घेतो. एक सेंटीमीटर आणि मोकळा श्वास यांत निवड करायची तर मला तरी फार विचार करावा लागणार नाही.

आणि कॉर्टिसॉल नेहमी वाढीच्या आड येतं असंही नाही. न्यूझीलंडचे ग्रॅहम लिगिन्स मेंढ्यांवर बाळंतपणाचा अभ्यास करत होते. गर्भातल्या कोकराला हे स्टेरॉइड मिळालं तर वेळेच्या फार आधी जन्मलेलं कोकरूही श्वास घेतं, हे त्यांना दिसलं. त्याची फुप्फुसं मोठी झाली नव्हती, पिकली होती. पेशींची संख्या वाढवण्याऐवजी हॉर्मोनने त्यांना कामाला तयार केलं होतं. १९७२ मध्ये लिगिन्स आणि रॉस होवी यांनी माणसांतल्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. आज जगभर मुदतपूर्व प्रसूतीची शक्यता दिसली की आईला बीटामेथासोन किंवा डेक्सामेथासोनची इंजेक्शनं देतात.

## हॉर्मोन नसताना हाक येते तेव्हा

आतापर्यंत निरोप एकाच दिशेने जात होता, हॉर्मोनकडून ग्रोथ फॅक्टरकडे. तो उलटाही जातो. १९९२ मध्ये अंडाशयं काढलेल्या, म्हणजे जवळजवळ इस्ट्रोजेनच नसलेल्या उंदरांना ईजीएफ देऊन पाहिलं. गर्भाशय इस्ट्रोजेन दिल्यासारखं वागलं. इस्ट्रोजेनला अडवणारं औषध सोबत दिल्यावर हा परिणाम दबला. १९९६ मध्ये रिसेप्टरच नसलेल्या उंदरांत तसा परिणाम झाला नाही. मधली कडी अशी: ग्रोथ फॅक्टरची फॉस्फेटची साखळी आत जाऊन इस्ट्रोजेनच्या रिसेप्टरवरच फॉस्फेट चढवते आणि खोबण रिकामी असतानाही तो कामाला लागतो. मालक गावात नसताना मुकादमाने त्याच्या नावाने सही ठोकावी, तसं.

कर्करोगाच्या उपचारात हीच पळवाट डोकेदुखी ठरते. हॉर्मोन तोडून गाठ आटते हे फार आधीपासून माहीत होतं. १८९६ मध्ये ग्लासगोचे जॉर्ज बीटसन यांनी स्तनाच्या पसरलेल्या कर्करोगात अंडाशयं काढून गाठी आकसल्याचं प्रसिद्ध केलं. तेव्हा इस्ट्रोजेन हा पदार्थच माहीत नव्हता. १९४१ मध्ये चार्ल्स हगिन्स यांनी प्रोस्टेटच्या कर्करोगात टेस्टोस्टेरॉन काढून घेऊन तेच दाखवलं, पुढे १९६६ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. मग टॅमॉक्सिफेन आलं. ते मुळात गर्भनिरोधक म्हणून बनवलं होतं, त्यात ते सपशेल फसलं, आणि १९७० च्या दशकात स्तनाच्या कर्करोगावरचं औषध म्हणून मान्य झालं. ते रिसेप्टरच्या खोबणीत इस्ट्रोजेनच्या जागी जाऊन बसतं आणि मदतनीस प्रथिनांना जवळ येऊ देत नाही.

स्तनाच्या दहातल्या सुमारे सात कर्करोगांत हा रिसेप्टर असतो, त्यामुळे या औषधाने असंख्य जीव वाचले. तरी काही गाठी कालांतराने दाद देईनाशा होतात. काहींत रिसेप्टरचं जनुक असं बदलतं की तो हॉर्मोनशिवाय कायम चालू राहतो. काहींत एचईआर-२ सारखे ग्रोथ फॅक्टरचे रिसेप्टर जोर धरतात आणि वाढीची साखळी दुसऱ्या वाटेने चालू ठेवतात. म्हणून आता उपचारही दोन्हीकडून होतो: इस्ट्रोजेन अडवायचं, आणि सोबत सायक्लिन डी-१ च्या जोडीदार एन्झाइमांना रोखणारी पाल्बोसिक्लिबसारखी औषधं द्यायची, म्हणजे निरोप कुठूनही आला तरी विभाजनाचा उंबरा ओलांडता येत नाही. एचईआर-२ जास्त असेल तर १९९८ पासून ट्रास्टुझुमॅब आहे. रिपोर्टवर ईआरच्या खाली एचईआर-२ ची ओळ का असते, ते यावरून कळेल.

## मग इस्ट्रोजेन वाईटच म्हणायचं?

टॅमॉक्सिफेनच घ्या. स्तनात ते इस्ट्रोजेनला अडवतं, पण हाडात इस्ट्रोजेनसारखं वागून त्यांना जपतं, आणि गर्भाशयाच्या अस्तराला वाढवतं. हे औषध घेणाऱ्या बाईला अवेळी रक्तस्राव झाला तर डॉक्टर लगेच तपासणी करतात ती याचसाठी. रॅलॉक्सिफेन हे दुसरं औषध स्तनात अडवतं, हाडाला जपतं आणि गर्भाशयाला फारसं चाळवत नाही. मदतनीस प्रथिनं ऊतीऊतीत वेगळी असल्याचा हा परिणाम.

पाळी गेल्यानंतर घ्यायच्या हॉर्मोन गोळ्यांचाही असाच पेच आहे. नुसतं इस्ट्रोजेन गर्भाशयाचं अस्तर वाढवत राहतं आणि तिथल्या कर्करोगाचा धोका वाढवतं, म्हणून सोबत प्रोजेस्टेरॉनचा प्रकार देतात. तो अस्तराची वाढ थांबवतो. पण स्तनात तोच प्रकार वाढीच्या बाजूने जातो. अमेरिकेतल्या विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह या मोठ्या चाचणीत साडेसोळा हजारांवर स्त्रियांच्या गटात दोन्ही हॉर्मोनं एकत्र दिल्यावर स्तनाच्या कर्करोगाचं प्रमाण वाढलं, आणि २००२ मध्ये तो भाग थांबवावा लागला. गर्भाशय आधीच काढलेल्या स्त्रियांना नुसतं इस्ट्रोजेन दिलं होतं, त्यांच्यात स्तनाचा कर्करोग वाढला नाही. पुढच्या पाठपुराव्यात तो उलट कमीच दिसला. बातम्यांत पहिला निकाल गाजला, दुसरा फारसा कुणाच्या लक्षात राहिला नाही. पक्षाघाताचा धोका मात्र दोन्ही गटांत वाढला होता, त्यामुळे या गोळ्या घ्याव्यात की नाही हे वय, पाळी जाऊन किती वर्षं झाली आणि घरातला आजारांचा इतिहास पाहून डॉक्टरांशी बोलूनच ठरवावं लागतं.

## बाहेरून भरपूर आलं की आतली ग्रंथी आटते

ॲड्रिनल ग्रंथीला कॉर्टिसॉल बनवायला सांगतं ते पिट्यूटरीतून येणारं एसीटीएच. ते नुसता आदेश देत नाही, त्या ग्रंथीच्या पेशींना जगवतं आणि वाढवतं. गोळ्यांवाटे स्टेरॉइड भरपूर मिळू लागलं की पिट्यूटरी एसीटीएच सोडणं कमी करते. आठवडे गेले की ॲड्रिनलचा बाहेरचा थर अक्षरशः बारीक होतो.

शरीर कमावण्यासाठी टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घेणाऱ्यांच्या वृषणांचं तेच होतं. रक्तात टेस्टोस्टेरॉन खूप, पण पिट्यूटरीचे निरोप बंद पडल्यामुळे वृषणाच्या आतलं टेस्टोस्टेरॉन घटतं, शुक्राणू बनणं थांबत जातं, वृषणं लहान होतात. दंड दिसतात पिळदार आणि मूल होत नाही म्हणून तपासणीला जावं लागतं. इंजेक्शनं थांबवल्यावर बहुतेकांचं उत्पादन परत सुरू होतं, पण त्याला महिने लागतात, कधी वर्षाहूनही जास्त.

डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांच्या बाबतीत ही गोष्ट जिवावर बेतू शकते. बरं वाटलं म्हणून काही आठवडे चाललेल्या गोळ्या एका दिवशी एकदम बंद केल्या, तर बाहेरचं कॉर्टिसॉल संपतं आणि आतली बारीक झालेली ग्रंथी ते बनवू शकत नाही. रक्तदाब कोसळतो, साखर उतरते, उलट्या होतात. त्यात ताप किंवा शस्त्रक्रिया आली तर प्रसंग गंभीर होतो. म्हणून मात्रा पायरीपायरीने उतरवतात, म्हणजे एसीटीएच पुन्हा सुटू लागतं आणि ग्रंथीच्या पेशींना वाढायला वेळ मिळतो. चारपाच दिवसांच्या छोट्या कोर्सनंतर सहसा याची गरज पडत नाही. दीर्घकाळ घेतलेल्या गोळ्यांनंतर मात्र ग्रंथी पूर्ववत व्हायला कित्येक महिने लागू शकतात, आणि त्या काळात अपघात झाला किंवा भूल घ्यायची वेळ आली, तर आपण स्टेरॉइड घेत होतो हे समोरच्या डॉक्टरला पहिल्यांदा सांगायचं.